रोज रात्री काय पुसायचं?

मुंबई महापालिकेच्या हिशेबात भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी आणि पवई हे सगळे एस विभागात मोडतात आणि या विभागाचा कारभार भांडुपच्या कार्यालयातून चालतो. भांडुप म्हटलं की लोकांना पूर्वेची मिठागरं आठवतात, लालबहादूर शास्त्री मार्गावरचे बंद पडलेले कारखाने आठवतात, फार तर जलशुद्धीकरण केंद्र आठवतं. याच विभागात, कांजूरमार्ग स्थानकाच्या पश्चिमेला, आयआयटी मुंबईचा परिसर आहे. अर्नेट या शैक्षणिक जाळ्याचा पहिला डायल-अप दुवा १९८६-८७ मध्ये जोडला गेला, तेव्हा त्याचं एक टोक इथे पवईत होतं आणि दुसरं जुहूच्या गुलमोहर क्रॉस रोडवर, नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी म्हणजे एनसीएसटीमध्ये. आपल्याकडे इंटरनेटचा इतिहास सांगायला बसलं की सहसा १५ ऑगस्ट १९९५ पासून सुरुवात होते, कारण त्या दिवशी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना जोडण्या द्यायला सुरुवात केली. त्याआधीची आठ-नऊ वर्षं प्रस्तावनेत आटोपतात: अमुक यंत्र आलं, तमुक तार टाकली, एवढंच. त्या यंत्रांवर रोज काम काय चालायचं, हे विचारलं की चित्र बदलतं. ई-मेलच्या जोडीने अशा तारांवरून यूजनेटचे न्यूजग्रुप, म्हणजे विषयवार चर्चेचे समूह, वाहायचे, आणि न्यूज सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाचं मुख्य काम मजकूर आणण्याचं नसायचं. काय आणायचं नाही आणि आणलेलं कधी पुसायचं, हे ठरवण्यात त्याचा वेळ जायचा. हे काम तोकड्या तारेमुळे जन्माला आलं असा सर्वसाधारण समज आहे. माझ्या मते तो चुकीचा आहे. तोकड्या तारेने ते काम फक्त उघड्यावर आणलं.

यूजनेटची कल्पना १९७९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना सुचली. शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या स्टीव्ह बेलोविनने पहिली आज्ञावली लिहिली. रचना साधी होती. एका संगणकाने रात्री दुसऱ्याला फोन लावायचा, आपल्याकडचे नवे लेख त्याला द्यायचे, त्याच्याकडचे आपण घ्यायचे. मग त्याने तिसऱ्याला फोन लावायचा. मध्यवर्ती कचेरी नाही, मालक नाही, सदस्य यादी नाही. लेख कुठून कुठे फिरून आला याची नोंद लेखाच्या डोक्यावरच असायची. संगणकांची नावं एकापुढे एक, मधे उद्गारचिन्हं. एनसीएसटीच्या यंत्राचं नाव ‘शक्ती’ होतं, आणि त्या काळातल्या पत्त्यात अमेरिकेच्या ‘यूयूनेट’नंतर उद्गारचिन्ह देऊन ‘शक्ती’ लिहिलेलं असायचं. ही वाट शोभेची नव्हती. शेजाऱ्याला लेख पाठवण्याआधी सर्व्हर ती वाचायचा; शेजाऱ्याचं नाव तिच्यात आधीच असेल तर लेख पाठवायचाच नाही. शिवाय प्रत्येक लेखाला जगात एकमेव असा ओळखक्रमांक असायचा. तो आपल्या ‘हिस्टरी’ नावाच्या फाइलीत सापडला तर लेख परत घ्यायचा नाही. या दोन नियमांवर हजारो यंत्रांचं जाळं एकमेकांना न ओळखता चालत राहिलं. जीन स्पॅफर्ड यांनी ठेवलेल्या आकडेवारीनुसार १९७९ मध्ये तीन यंत्रं आणि दिवसाला दोन लेख असा प्रपंच होता. १९८८ मध्ये अकरा हजार यंत्रं, दिवसाला अठराशे लेख आणि चार मेगाबाइटहून अधिक मजकूर, इथवर तो वाढला.

आता एखाद्या लहान सर्व्हरच्या आत डोकावू, कारण सगळा मुद्दा तिथे आहे. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून चालवायच्या युनिक्स यंत्रावर लेखांचा साठा ‘स्पूल’ नावाच्या फोल्डरात असे. न्यूजग्रुपच्या नावातले टिंब काढले की फोल्डरांची उतरंड तयार: ‘सॉक’च्या आत ‘कल्चर’, त्याच्या आत ‘इंडियन’, आणि त्यात एकेका लेखाची एकेक फाइल, नाव म्हणजे नुसता अनुक्रमांक. १९८८ चा चार मेगाबाइटचा आकडा अठराशेने भागला तर लेख सरासरी सव्वादोन किलोबाइटचा येतो. म्हणजे सर्व्हरवर चिटुकल्या फाइलींचा डोंगर. त्यामुळे एक चमत्कारिक अडचण उभी राहायची. डिस्कवर जागा शिल्लक दिसायची, पण नवी फाइल तयार होत नसायची, कारण प्रत्येक फाइलीची नोंद ठेवणाऱ्या ‘आयनोड’ नावाच्या खणांचा कोटा संपलेला असायचा, आणि हा कोटा डिस्क प्रथम तयार करतानाच ठरलेला असायचा. न्यूजची डिस्क बांधताना आयनोड नेहमीपेक्षा जास्त मागून घ्यायचे, ही शहाणपणाची गोष्ट पुस्तकात वाचून कळण्यापेक्षा रात्री दोन वाजता सर्व्हर अडल्यावर कळलेली असायची. अशी वेळ येऊ नये म्हणून ‘क्रॉन’ या वेळापत्रक सांभाळणाऱ्या आज्ञावलीला सांगून दर रात्री ‘एक्स्पायर’ नावाची आज्ञावली चालवायची. ती सगळ्या साठ्यावरून फिरायची आणि मुदत संपलेले लेख काढून टाकायची.

ही मुदत कोण ठरवायचं? एका छोट्या मजकूर-फाइलीत सर्व्हर सांभाळणारा अ‍ॅडमिन ती लिहायचा. रिच साल्झ यांनी १९९१-९२ मध्ये लिहिलेल्या आयएनएन या सर्व्हरबरोबर नमुन्याची फाइल यायची, तिच्यात सर्व समूहांसाठी एक ओळ असायची: किमान एक दिवस, एरवी दहा दिवस, आणि लेखकाने स्वतः जास्त मुदत मागितली असेल तर ती मान्य. अ‍ॅडमिनने त्याखाली आपल्या ओळी जोडायच्या. संगणकशास्त्राच्या समूहांना तीस दिवस, गप्पांच्या समूहांना तीन, चाचणीच्या समूहाला एक. वर आणखी एक ओळ असायची, ‘रिमेंबर’ म्हणजे स्मरणाची, आणि तिच्यापुढे आकडा १४. अर्थ असा की लेख पुसला तरी त्याचा ओळखक्रमांक चौदा दिवस लक्षात ठेवायचा. नाहीतर एखाद्या मंदगती शेजाऱ्याकडून तोच लेख उशिरा आला तर सर्व्हर त्याला नवा समजून पुन्हा ठेवून घेईल. विसरण्यासाठीही काही लक्षात ठेवावं लागतं, हा हिशेब या व्यवहारात इतक्या रोखठोकपणे मांडलेला आहे. दुसरी एक फाइल शेजाऱ्यांची. कोणत्या शेजाऱ्याला कोणते समूह द्यायचे ते तिच्यात, आणि जे द्यायचे नाहीत त्यांच्यापुढे उद्गारचिन्ह. सर्व्हर चालू असताना त्याच्याशी बोलायची आज्ञा वेगळी. तिने समूह जोडायचा, समूह काढायचा, सर्व्हर थोपवायचा. थोपवताना कारण लिहावंच लागायचं, जोडायला येणाऱ्या शेजाऱ्याला ते दिसायचं; आणि परत सुरू करताना तेच कारण पुन्हा टाइप करायचं, दुसरंच कारण दिलं तर सर्व्हर हलायचा नाही. कुणी का बंद केलं होतं ते माहीत नसलेल्या दुसऱ्याने घाईने चालू करू नये, म्हणून केलेली ही सोय. सरकारी कचेऱ्यांत इतकी नीट सोय क्वचित सापडते.

मुंबईतल्या तारेचा हिशेब यावर ठेवून पाहिला की निवड टाळताच येत नव्हती हे दिसतं. सेकंदाला १२०० बिट वाहून नेणारा मोडेम प्रत्यक्षात सेकंदाला १२० अक्षरं नेतो. १९८८ चे दिवसाचे चार मेगाबाइट त्यातून आणायचे तर सव्वानऊ तास फोन चालू ठेवावा लागेल. मजकूर दाबून निम्मा केला तरी साडेचार तास, तेही लाइन मधेच तुटली नाही तर. आंतरराष्ट्रीय ट्रंक कॉलच्या दराने हा खर्च कोणतीही भारतीय संस्था सोसू शकली नसती. ९६०० बिटची भाड्याची तार मिळाली की तेवढाच मजकूर तासाभरात येतो, हे खरं. पण त्या तारेवर देशभरच्या संशोधकांची पत्रं, त्यांनी मागवलेल्या आज्ञावल्या, सगळंच वाहायचं. दिल्ली-मुंबई तार जानेवारी १९९१ मधली, ९६०० बिटचीच. १९९२ पर्यंत पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, दिल्लीचं इलेक्ट्रॉनिक्स खातं आणि एनसीएसटी एवढे सगळे अशा तारांनी जोडले गेले, आणि त्याच वर्षी एनसीएसटीपासून अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या यूयूनेटपर्यंत ६४ किलोबिटची तार सुरू झाली. देशातल्या आठ संस्था आणि परदेशी जायला हा दरवाजा. एनसीएसटीचे संचालक श्रीनिवासन रमणी यांना २०१४ मध्ये ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळालं, ते या उभारणीसाठी, आणि ते रास्तच आहे. पण भांडुपच्या माणसाला पाण्याच्या उदाहरणावरून एक गोष्ट लगेच पटेल. तानसा धरण कोणी बांधलं, शुद्धीकरण केंद्र केव्हा सुरू झालं याची नोंद सापडते. टेकडीवरच्या वस्तीला पहाटे किती वाजता आणि किती वेळ पाणी यायचं, हे मात्र व्हॉल्व्ह फिरवणारा चावीवाला ठरवतो. न्यूज अ‍ॅडमिन हा त्या जाळ्याचा चावीवाला होता.

तारेचा खर्च कोण भरतो यावरून काय वाहायचं हे ठरतं, ही गोष्ट एकट्या भारताची नव्हती. यूजनेटच्या समूहांची आजची नावं १९८६-८७ च्या मोठ्या नामांतरातून आली. त्याआधी बहुतेक समूह ‘नेट’ या एकाच कुळात होते, ‘नेट.एनलँग.इंडिया’ त्यातलाच, नामांतरात त्याचा ‘सॉक.कल्चर.इंडियन’ झाला. नामांतरामागे जी कारणं होती त्यांत एक पैशाचं होतं. अटलांटिकपार मजकूर नेण्याचा खर्च युरोपातल्या संस्थांवर पडत होता, आणि धर्म, वंश यांवरच्या अखंड भांडणांसाठी तो भरायला त्या तयार नव्हत्या. मग असे समूह ‘टॉक’ नावाच्या वेगळ्या कुळात टाकले गेले, म्हणजे नको असेल त्याने एका ओळीत अख्खं कूळ वगळावं. मजकुराचं वर्गीकरण वाचकाच्या सोयीने झालं असं आपण गृहीत धरतो. इथे ते वगळणाऱ्याच्या सोयीने झालं. मुंबईच्या अ‍ॅडमिनला हे तयार हत्यार मिळालं. त्याने ते वापरलं नसतं तर त्याची तार पहिल्याच आठवड्यात तुंबली असती.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा: हे सगळं मूठभर संशोधकांचं जग होतं, भांडुपचा त्याच्याशी काय संबंध? आक्षेपात तथ्य आहे. महानगर टेलिफोन निगम १९८६ मध्ये स्थापन झालं तेव्हा मुंबईत घरी फोन यायला वर्षानुवर्षं वाट पाहावी लागत होती. पवईच्या प्रयोगशाळेत व्हर्जिनियातला लेख उघडत होता आणि त्याच विभागातल्या चाळीत शेजाऱ्याच्या फोनवर निरोप ठेवावा लागत होता, ही विषमता झाकण्याचं कारण नाही. अर्नेटचा वापर शिक्षण-संशोधनापुरता मर्यादित होता, तोही नियमाने. पण एखाद्या व्यवसायाचा इतिहास तो किती जणांपर्यंत पोचला एवढ्यावर मोजायचा नसतो. त्यात कोणती पद्धत घडली आणि ती पुढे कुठे गेली हेही पाहावं लागतं. नव्वदीच्या सुरुवातीला मुंबईत ‘लाइव्ह वायर’सारखे हौशी बीबीएस, म्हणजे फोनवरून जोडायचे सूचनाफलक, चालत होते. घरच्या संगणकाला मोडेम आणि बहुधा फोनची एकच लाइन. एका वेळी एकच माणूस आत. त्यांच्या फिडोनेट या जाळ्यातही रात्री फोन लावून मजकुराची देवाणघेवाण व्हायची, आणि चालवणाऱ्याला तेच प्रश्न पडायचे: किती समूह घ्यायचे, किती दिवस ठेवायचे, कुणाला किती मिनिटं द्यायची. संस्थेचं अनुदान नसलेल्या माणसालाही हे काम जमत होतं, कारण ते मुळात यंत्राचं कमी आणि विवेकाचं जास्त होतं.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे. सरळ सांगा ना, ही सेन्सॉरशिप होती. एका न निवडलेल्या माणसाने ठरवायचं की इतरांनी काय वाचावं, याला दुसरं काय म्हणायचं? माझं उत्तर असं की वगळणं आणि बंदी घालणं यांतला फरक वगळणाऱ्याच्या हेतूवरून कळत नाही, पर्यायावरून कळतो. यूजनेटच्या मुख्य कुळांत नवा समूह सुरू करायचा तर आधी जाहीर चर्चा व्हायची, मग मतदान. होकार नकारांपेक्षा किमान शंभराने जास्त आणि एकूण मतांच्या दोन तृतीयांश हवेत. एवढं होऊन समूह मंजूर झाला तरी तो आपल्या यंत्रावर ठेवायचा की नाही हे प्रत्येक अ‍ॅडमिन स्वतः ठरवायचा. या विकेंद्रीकरणाची चांगली बाजू जानेवारी १९९५ मध्ये दिसली. सायंटॉलॉजी पंथाच्या वकिलाने त्या पंथावर टीका होणारा समूहच जगभरच्या यंत्रांवरून काढून टाकण्याचा संदेश सोडला. बहुसंख्य अ‍ॅडमिननी त्याकडे दुर्लक्ष केलं आणि समूह चालू राहिला. त्याच वर्षी डिसेंबरात उलट चित्र दिसलं. म्युनिकच्या सरकारी वकिलांच्या चौकशीनंतर कॉम्प्युसर्व्ह या कंपनीने सुमारे दोनशे समूह बंद केले आणि ते तिच्या जगभरच्या सगळ्या ग्राहकांसाठी एका फटक्यात गेले. एका जर्मन कचेरीचा धाक आणि वाचक जगभरचे. लहान सर्व्हर वगळतो तेव्हा वाचकाला शेजारचा सर्व्हर उरतो. अवाढव्य सर्व्हर वगळतो तेव्हा काहीच उरत नाही. मुंबईच्या अ‍ॅडमिनची अडचण अशी की त्याचा सर्व्हर लहान असला तरी शेजारी फारसे नव्हते. परदेशी दरवाजा एकच असल्यामुळे त्याच्या एका ओळीला, त्याची इच्छा असो वा नसो, देशाच्या धोरणाचं वजन यायचं. तारेचं कारण सांगून नावडता समूह बाहेर ठेवण्याचा मोह अशा जागी कुणालाही होईल, आणि बचाव म्हणून ते कारण कधीच खोटं ठरणार नाही. म्हणून त्या ओळींची फाइल कुणालाही वाचता येईल अशी ठेवणं याला महत्त्व होतं. युनिक्सवर ती साध्या अक्षरांत असायची, सर्व्हरवर खातं असलेल्या कुणालाही उघडून वाचता येईल अशी.

या यंत्रणेने मराठीलाही एक वळण लावलं, त्याची दखल घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लेख एका यंत्रातून दुसऱ्यात जाताना अक्षराला सातच बिट सुरक्षित राहतील एवढीच हमी होती. आठवा बिट मधल्या कुठल्याही यंत्राने खाल्ला तर तक्रार करायला जागा नव्हती. सात बिटांत रोमन लिपी मावते, देवनागरी मावत नाही. त्यामुळे ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ या समूहातलं मराठी रोमन अक्षरांतच लिहिलं गेलं, ज्याला जसं सुचेल तसं. अमेरिकेत असलेल्या अविनाश चोपडे यांनी १९९१ च्या सुमारास ‘आयट्रान्स’ तयार केलं, ते याच अडचणीवर. प्रत्येक देवनागरी अक्षराला ठरलेली रोमन खूण द्यायची, मजकूर त्या खुणांत पाठवायचा आणि वाचणाऱ्याने आपल्या यंत्रावर छापताना तो देवनागरीत उतरवायचा. हिंदी चित्रपटगीतांचे शब्द जमवणाऱ्या न्यूजग्रुपवाल्यांनी तर त्यात अख्खा गीतसंग्रह उभा केला. मोबाइलवर रोमनमध्ये मराठी टाइप करण्याच्या सवयीला आज नाकं मुरडली जातात. तिची एक मुळी या सात बिटांत आहे. अ‍ॅडमिनने त्याबाबत काही ठरवलं नव्हतं. जगभरच्या यंत्रांनी मिळून पाळलेली ती किमान शर्त होती, आणि मराठीने तिच्यातून वाट काढली.

आता मूळ मुद्द्याची खरी परीक्षा. तोकड्या तारेमुळे हे काम जन्मलं असेल तर तार रुंदावल्यावर ते संपायला हवं होतं. १९९५ नंतर काय झालं? विदेश संचार निगमच्या जोडण्या आल्या. विद्यार्थ्यांसाठीचं स्वस्त खातं नुसत्या अक्षरांचं होतं, पण न्यूजग्रुप वाचायला अक्षरंच लागतात, त्यामुळे त्यांना ते पुरलं. तार वाढली, पण मजकूर तारेपेक्षा वेगाने वाढला. १९९६ च्या अखेरीस यूजनेटचा संपूर्ण ओघ दिवसाला सुमारे साडेचार गिगाबाइट होता, बराचसा चित्रं आणि आज्ञावल्या अक्षरांत रूपांतरित करून टाकलेला. ६४ किलोबिटची तार अहोरात्र दुसरं काहीही न करता वापरली तरी एका दिवसाचा हा माल यायला सहा-सात दिवस लागतील. १९८८ चा दिवसाचा ओघ ९६०० बिटच्या तारेवर तासाभरात आला असता. म्हणजे आठ वर्षांत तार सातपट झाली आणि निवडीची गरज कित्येक पटींनी वाढली. दुसरीकडे एक नवी डोकेदुखी थोडी आधीच सुरू झाली होती. एप्रिल १९९४ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या कँटर आणि सीगल या वकील जोडप्याने ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात साडेपाच हजारांहून अधिक न्यूजग्रुपांत एकदम टाकली. भारतीय समूहांतल्या वाचकांना विषय जिव्हाळ्याचा होता, पण गुप्त काही नव्हतं. अर्ज फुकट भरता येत होता आणि वकील त्याचे पैसे मागत होते. त्यानंतर अशा जाहिराती पुसणारे संदेश आपोआप सोडणाऱ्या आज्ञावल्या आल्या. मग प्रश्न आला की पुसण्याचे संदेश खरे की बनावट, कारण कुणाच्याही नावाने ते पाठवता यायचे. कोणाचे मानायचे आणि कोणाचे नाही, हे पुन्हा अ‍ॅडमिनच्याच फाइलीत.

एक आक्षेप अभ्यासकांकडून येईल: पुसलेलं वाया गेलंच कुठे, गुगलने सगळं जपलं ना? टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात हेन्री स्पेन्सर यांनी १९८१ पासून दहा वर्षांचे लेख चुंबकीय फितींवर उतरवून ठेवले होते, जवळपास वीस लाख लेख. १९९५ पासूनचा साठा देजान्यूज या कंपनीकडे होता. २००१ मध्ये गुगलने देजाचा साठा घेतला आणि स्पेन्सर यांच्या फितीही त्यात आल्या. हा ठेवा अमोल आहे. पण टोरांटोच्या प्रतीवरची वाट टोरांटोपर्यंतची आहे. लेख कुठून निघाला आणि कॅनडाला कसा पोचला ते तिच्यावरून कळतं. तोच लेख पवईला पोचला की नाही, पोचला तर किती दिवस टिकला, हे कळत नाही. संस्थेच्या आतल्याआत फिरणारे स्थानिक समूह, वसतिगृहातल्या तक्रारींपासून जुन्या सायकली विकण्यापर्यंतचे, बाहेर धाडायचे नसतातच. ते टोरांटोला पोचण्याचा प्रश्नच नाही. जगात काय बोललं गेलं याचं ते दप्तर आहे. इथे काय वाचलं गेलं याचं दप्तर म्हणजे ती मुदतीची फाइल आणि शेजाऱ्यांची फाइल.

या माणसांचं कौतुक करताना त्यांच्या पद्धतीची वाईट बाजू लपवायला नको. एनसीएसटीकडे १९८९ पासून ‘.इन’ या राष्ट्रीय नावाची नोंदणीही होती. तिथेही तोच हात चालला: नोंदणीकृत संस्थेलाच नाव, तेही ठरलेल्या पोटकुळात, कागदपत्रं तपासून. नावांना तारेसारखी टंचाई नव्हती, आणि तरी रेशनिंग राहिलं. नोंदणीचं काम जानेवारी २००५ मध्ये निक्सी या संस्थेकडे जाऊन नियम सैल होईपर्यंत देशभरात जेमतेम काही हजार नावं दिली गेली होती. नंतरच्या काही वर्षांत आकडा लाखांत गेला. टंचाईत योग्य असलेला हात सुबत्तेत आखडता ठरला. चावी फिरवणाऱ्याने टाकीतली पातळी बघायचीच सोडून दिली की असं होतं, आणि तोवर एनसीएसटी स्वतःच सी-डॅक या संस्थेत विलीन झालेली होती.

उलट टोकाचं उदाहरण गुगलचं. न्यूजग्रुपांचा सगळ्यात मोठा दरवाजा त्यांच्याकडे होता, तार अमाप, डिस्क अमाप. वगळायला मात्र तिथे कुणी बसलेलं नव्हतं. २०२३ मध्ये त्या दरवाजातून इतका कचरा आत येऊ लागला की लहान सर्व्हरांच्या अ‍ॅडमिननी आपल्या गाळणीत एक ओळ टाकून गुगलकडून येणारे लेखच बंद केले. २२ फेब्रुवारी २०२४ पासून गुगलने नवे लेख घेणं-देणं थांबवलं. ज्या ड्यूक विद्यापीठात हे जाळं सुरू झालं तिथला सर्व्हर २०१० मध्येच बंद झाला होता. आयएनएन मात्र आजही सांभाळलं जातं, त्याच्या नव्या आवृत्त्या निघतात, आणि मुदतीची फाइल अजून त्याच घडणीची आहे. चित्रं-चित्रपटांचे समूह वगळले तर आजच्या यूजनेटचा उरलेला शब्दव्यवहार इतका आटलाय की भांडुपच्या एखाद्या इमारतीतली घरगुती फायबर जोडणी आणि हजारभर रुपयांची डिस्क त्याला सहज पुरेल. तेवढ्यावर सर्व्हर उभा करणाऱ्याला पहिल्या दिवशी दोन-तीन शेजारी शोधून त्यांना विनंतीपत्र लिहावं लागेल, आणि मुदतीच्या ओळीत एक आकडा भरावा लागेल. जागा मुबलक असल्याने ‘नेव्हर’, म्हणजे कधीच पुसू नको, असं लिहिण्याची मुभा त्याला आहे. बहुतेक जण आधी तेच लिहितात, आणि मग कचरा गाळण्याची आज्ञावली बसवायला घेतात.